लेक्टिनची अँटिबॉडी वापरताय? आधी साखर घाला

कॉनकॅनाव्हॅलिन ए (जॅक बीनच्या बियांमधलं लेक्टिन, म्हणजे साखरेला चिकटणारं प्रोटीन) साठी फ्लुरोसीन (हिरवा चमकणारा डाय) लावलेली पॉलिक्लोनल (अनेक अँटिबॉडींचं मिश्रण असलेली) अँटिबॉडी वापरणार असाल तर एक गोष्ट आधीच बघून घ्या, लेक्टिनचं कामच साखरेला चिकटणं आणि आपल्या आयजीजीवर (हा अँटिबॉडीचाच नेहमीचा प्रकार) पण साखरेच्या साखळ्या असतातच, त्यामुळे स्लाइडवर हिरवं चमकलं म्हणजे अँटिबॉडीनेच लेक्टिन ओळखलं असं नाही, कधी कधी लेक्टिनच अँटिबॉडीला धरून बसलेलं असतं!

उपाय सोपा आहे. सेक्शन (ऊतीचा पातळ काप) आधी पॅराफॉर्मल्डिहाइडने नीट फिक्स करा, नाहीतर ऊतीतल्या ग्लायकनला (साखरेच्या साखळीला) चिकटलेलं लेक्टिन साखर घातल्यावर सुटून जाईल, मग अँटिबॉडीच्या बफरमध्ये ०.२ मोलर मिथाइल अल्फा मॅनोसाइड टाका, ही साखर लेक्टिनची चिकटायची जागा अडवते. गव्हाचं डब्ल्यूजीए (व्हीट जर्म ॲग्लुटिनिन) हे लेक्टिन असेल तर एन-ॲसिटिल ग्लुकोसामाइन. शिवाय एक स्लाइड अँटिबॉडी ज्या प्राण्यातली त्याच जातीच्या साध्या, इम्युनाइज न केलेल्या, पण तोच डाय लावलेल्या आयजीजीची ठेवाच, तीपण चमकली तर साखर कमी पडतेय किंवा ब्लॉकिंग (अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून आधी दिलेला प्रोटीनचा थर) गंडलंय.

ब्लॉकिंगला दूध पावडर नको बरं का, त्यातही ग्लायकोप्रोटीन (साखर जोडलेली प्रोटीन) असतात, चांगलं बीएसए (गाईच्या सीरममधलं अल्ब्युमिन) घ्या. आणि फ्लुरोसीन ॲसिडिक पीएचला मंद पडतो, म्हणून माउंटिंग मीडियम ८ च्या वरचं. न रंगवलेली स्लाइड तर हवीच, सेक्शन झाडाचं असेल तर पेशीभित्तिका स्वतःच चमकतात.