शुभवर्तमानाचे रोजचे मनन: या चुका टाळा

दिवसाचे शुभवर्तमान, म्हणजे मत्तय, मार्क, लूक किंवा योहान यांनी लिहिलेल्या येशूच्या चरित्रातील त्या दिवसाचा उतारा, वाचून त्यावर थोडा वेळ मनन करण्याचा नेम अनेक ख्रिस्ती घरांत आहे, आणि आगमनकाळ (नाताळापूर्वीचे आठवडे) किंवा उपवासकाळ (ईस्टरपूर्वीचे आठवडे) सुरू झाला की तो नव्याने धरणारेही पुष्कळ असतात. काही आठवडे गेले की त्यांतील बऱ्याच जणांची तक्रार एकच असते: वाचन होते, पण आत काही उतरत नाही, किंवा दर वेळी तेच ते सुचते. आपली श्रद्धाच कमी पडते आहे असे समजून ही माणसे खंतावतात. माझ्या मते बहुतेक वेळा कारण त्याहून साधे असते. वचन काय सांगते आहे, कोणाला सांगते आहे, हे पुरते ऐकून घेण्याआधीच आपण त्यातून बोध काढायला बसतो. पुढील चुका वरवर निरनिराळ्या दिसल्या, तरी त्यांचे मूळ या घाईतच आहे.

उताऱ्याआधी दुसऱ्याचे चिंतन वाचणे

सकाळी फोन हातात घेतला की दोन-तीन गटांवरून त्या दिवसाची चिंतने आलेली असतात. ती लिहिणारे मनापासून लिहितात आणि त्यांचा उपयोगही होतो. चुकतो तो क्रम. दहा ओळींचा उतारा वाचण्यापूर्वी त्यावरचे दोन पानी विवेचन वाचले, की उताऱ्यात आपल्याला तेवढेच दिसते जेवढे विवेचनकर्त्याने दाखवले. कित्येकदा तर उतारा वाचायचा राहूनच जातो आणि नेम पार पडल्याचे समाधान मात्र मिळते.

बाराव्या शतकातील ग्विगो नावाच्या, कार्थुसियन या ख्रिस्ती संन्यासी संघातील मठवासीने वाचन, मनन, प्रार्थना आणि निःशब्द सहवास अशा चार पायऱ्या सांगितल्या, आणि त्यांत वाचनाला पायथ्याशी ठेवले. पहिली पायरी गाळून वर चढता येत नाही. म्हणून आधी बायबल उघडावे, उतारा सावकाश आणि शक्य असेल तर मोठ्याने वाचावा, थांबून पुन्हा एकदा वाचावा, आणि आपल्याला काय दिसले, कोठे अडखळायला झाले, हे मनाशी ठरल्यावर मग इतरांचे चिंतन हाती घ्यावे.

उतारा मागच्या-पुढच्या ओळींपासून तोडणे

सर्वाधिक नुकसान या चुकीमुळे होते, म्हणून तिच्याविषयी विस्ताराने लिहितो. मार्कच्या बाराव्या अध्यायातील गरीब विधवेचा प्रसंग घ्या. येशू यरुशलेमेच्या मंदिरातील दानपेटीसमोर बसला आहे, श्रीमंत लोक पुष्कळ पैसे टाकत आहेत, आणि एक विधवा येऊन दोन लेप्ता टाकते. लेप्ता हे त्या वेळचे अगदी लहान तांब्याचे नाणे. मजुराची एका दिवसाची मजुरी एक दिनार धरली, तर तिची दोन्ही नाणी मिळून त्या मजुरीचा चौसष्टावा भाग होतो. येशू शिष्यांना जवळ बोलावून सांगतो की इतरांनी आपल्या भरपूर असलेल्यातून टाकले, हिने मात्र आपली सारी उपजीविका टाकली. यावरचे नेहमीचे चिंतन उदारपणावर असते, आणि चर्चच्या दुरुस्तीसाठी निधी गोळा करायचा असला की हा उतारा हमखास आठवतो.

आता त्याच पानावर थोडे वर जावे. येशू नुकताच शास्त्र्यांविषयी, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राच्या पंडितांविषयी, बोलला आहे: लांब झगे घालून मिरवणारे, सभास्थानांत पुढच्या जागा पटकावणारे, विधवांची घरे गिळणारे आणि देखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करणारे. हे शब्द हवेत विरण्याआधीच एक विधवा येते आणि तिच्याजवळ उरलेले सर्व काही त्या मंदिराच्या पेटीत जाते. पुढे लगेच, तेराव्या अध्यायाच्या आरंभी, एक शिष्य मंदिराच्या भव्य दगडांचे कौतुक करतो, तेव्हा येशू सांगतो की येथे दगडावर दगड राहणार नाही. हे तीन प्रसंग सलग वाचले की प्रश्न उभा राहतो: येशू तिच्या दानाचा गौरव करतो आहे, की तिच्यावर ही वेळ आणणाऱ्यांकडे बोट दाखवतो आहे? मला दोन्ही खरे वाटते. पण ‘तुम्हीही असेच करा’ असे तो येथे म्हणत नाही, हे ध्यानात घेतलेच पाहिजे. कॅथोलिक चर्चच्या रविवारच्या, ‘अ’, ‘ब’, ‘क’ अशा तीन वर्षांच्या वाचनक्रमात ‘ब’ वर्षाच्या सामान्य काळातील 32 व्या रविवारी मार्क 12:38-44 हा उतारा येतो, परंतु 41 व्या ओळीपासून सुरू होणारा छोटा पर्यायही दिलेला आहे. जेथे तो वाचला जातो तेथे विधवांची घरे गिळण्याविषयीचे वाक्य लोकांच्या कानांवर पडतच नाही. अशा वेळी घरी येऊन पूर्ण भाग वाचणे, एवढाच उपाय आहे.

क्षमेविषयीच्या वचनाचे असेच होते, आणि तेथे परिणाम अधिक कठोर असतात. मत्तयच्या अठराव्या अध्यायात पेत्र विचारतो, भावाने अपराध केल्यास मी किती वेळा क्षमा करावी? येशू म्हणतो, सत्तर वेळा सात. मग दहा हजार तालांतांचे कर्ज माफ झालेल्या आणि तरीही आपल्या सोबत्याचे शंभर दिनार न सोडणाऱ्या दासाचा दाखला येतो. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, अर्थात पहिले कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतके, कोणत्याही जन्मी न फिटणारे. त्यापुढे शंभर दिनार क्षुल्लक वाटतात, पण हातावर पोट असलेल्या माणसाला तीन-चार महिन्यांची मजुरी क्षुल्लक नसते. ‘तुझ्यावर झालेला अन्याय किरकोळ आहे, सोडून दे’ असे हा दाखला कोठेही म्हणत नाही. शिवाय पेत्राच्या प्रश्नाच्या थोडेसे आधी, 15 ते 17 या ओळींत, अपराध करणाऱ्याला एकांतात त्याची चूक दाखवावी, ऐकले नाही तर एक-दोघांना सोबत न्यावे, तरीही ऐकले नाही तर मंडळीला सांगावे, असा स्पष्ट मार्ग दिला आहे. घरात मार खाणाऱ्या स्त्रीला केवळ ‘सत्तर वेळा सात’ ऐकवून परत पाठवणारे या तीन ओळी वगळतात. येशूने सांगितलेल्या क्षमेच्या आधी सत्य उघड बोलणे आलेले आहे, आणि ते गाळण्याचा अधिकार कोणालाही नाही.

बायबलमधील अध्यायांचे आजचे आकडे तेराव्या शतकात पडले आणि नव्या करारातील ओळींचे आकडे 1551 साली. ते सोयीसाठी आहेत. शुभवर्तमानकारांनी सलग लिहिले, तेव्हा दिवसाच्या उताऱ्याआधीची आणि नंतरची पाच-दहा वाक्ये वाचण्याची सवय लावून घेतली, तर यांतील बहुतेक घोटाळे आपोआप टळतात.

वचन दुसऱ्यासाठी वाचणे

प्रवचन सुरू असताना ‘हे अमक्याने ऐकायला हवे होते’ असे मनात येणे फार सामान्य आहे, आणि घरच्या मननातही तेच घडते. लूकच्या अठराव्या अध्यायातील परूशी (नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाचा माणूस) आणि जकातदार यांचा, ‘मी या जकातदारासारखा नाही’ म्हणून परूशी देवाचे आभार मानतो तो, दाखला वाचून संपतो, आणि ‘देवा, मी त्या परूश्यासारखा नाही’ म्हणून आपण निश्चिंत होतो. म्हणजे नेमकी त्याचीच प्रार्थना आपण केलेली असते. डोळ्यातले कुसळ आणि मुसळ तर आपल्या रोजच्या बोलण्यात आहे, तरी ते वचनही आपल्याला बहुधा शेजाऱ्याच्या संदर्भातच आठवते. यावर एक नियम उपयोगी पडतो: मनन करताना दुसऱ्या कोणाचा चेहरा डोळ्यांसमोर आला, तर त्याच्यासाठी प्रार्थना करावी आणि उताऱ्यात आपली स्वतःची जागा पुन्हा शोधावी.

याच चुकीचे एक मोठे रूप इतिहासात दिसते. शुभवर्तमानातील परूशी आणि यहुदी नेते यांच्यावरील टीकेचा आधार घेऊन ख्रिस्ती लोकांनी शतकानुशतके यहुद्यांचा द्वेष केला. येशू, त्याची आई आणि त्याचे प्रेषित हे सारे यहुदीच होते, याचाही त्यांना विसर पडला. कॅथोलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 28 ऑक्टोबर 1965 रोजी स्पष्ट केले की येशूच्या मरणाचा दोष त्या वेळच्या सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर ठेवता येणार नाही. राज्यकर्ता हेरोद तुला मारायला टपला आहे, येथून निघून जा, असे येशूला येऊन सांगणारे काही परूशीच होते (लूक 13:31), आणि त्याच्या दफनासाठी गंधरस घेऊन येणारा निकदेमही परूशीच होता. परूशी शब्द दिसला की खलनायक समोर उभा करण्याची सवय सोडली, तर या माणसांतला धार्मिकपणा आणि त्यातील धोका, दोन्ही आपल्याच जवळचे असल्याचे कळते.

आजारी आणि दुःखी माणसाला वचनाने घायाळ करणे

रुग्णाच्या खाटेशी उभे राहून ‘विश्वास कमी पडतो’, ‘कोठेतरी पाप असेल, शोधा’ असे म्हणणारी माणसे आपल्या मंडळ्यांत आहेत, आणि ती हे वाईट हेतूने म्हणत नाहीत, म्हणून तर ते अधिक खोल जखम करते. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी नेमके हेच विचारले होते: पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशूने दोन्ही नाकारले (योहान 9:3). शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले, त्यांच्याविषयीही तो म्हणतो की यरुशलेमेतील इतरांपेक्षा ते अधिक अपराधी होते असे समजू नका. पश्चात्तापाचे बोलणे तो मेलेल्यांकडून काढून ऐकणाऱ्यांकडे वळवतो (लूक 13:4-5).

‘तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे’ हे वाक्य येशू बऱ्या झालेल्यांना सांगतो. ‘तुझा विश्वास कमी, म्हणून तू बरा झाला नाहीस’ असे त्याने एकाही आजाऱ्याला सांगितल्याचे चारही शुभवर्तमानांत नाही. मार्कच्या नवव्या अध्यायातील बाप तर रडकुंडीला येऊन म्हणतो की माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला तूच हात दे. आणि त्याचा मुलगा बरा होतो. आजाऱ्याला भेटायला जाताना उतारा न्यायचाच असेल, तर हा न्यावा, आणि तोही त्याने मागितला तर वाचावा. नाहीतर शेजारी बसून राहावे, औषधे आणून द्यावीत, घरच्यांना दोन तास झोपू द्यावे.

चारही शुभवर्तमाने एकत्र कालवणे

याविषयी थोडक्यात. नाताळच्या गोठ्यात आपण मेंढपाळ आणि मागी (पूर्वेकडून आलेले ज्ञानी) शेजारी शेजारी उभे करतो, पण मेंढपाळ लूकचे आहेत आणि मागी मत्तयचे. मत्तयमध्ये ते घरात येतात आणि त्यांची संख्या दिलेलीच नाही. गोठा जरूर करावा, तो सुंदर प्रघात आहे. मनन करताना मात्र समोर जो शुभवर्तमानकार आहे, त्याचेच ऐकावे. रविवारच्या वाचनक्रमात ‘अ’ वर्षी मत्तय, ‘ब’ वर्षी मार्क आणि ‘क’ वर्षी लूक प्रामुख्याने वाचला जातो, आणि योहान बराचसा पुनरुत्थानकाळात (ईस्टरपासूनच्या आठवड्यांत) येतो. वर्षारंभी त्या वर्षीचे शुभवर्तमान एकदा सलग वाचून काढावे. मार्क तर दीड-दोन तासांत वाचून होतो.

काहीच सुचत नाही तेव्हा

मन भटकणे हे मननाचे अपयश नाही. पण कंटाळा आला की आपण दोन टोके गाठतो: बायबल कोठेही उघडून बोट ठेवायचे आणि ती ओळ आजचा आदेश मानायची, किंवा ‘उद्यापासून कधीच रागावणार नाही’ असा न पाळता येणारा संकल्प सोडायचा. पहिल्याविषयी एवढेच सांगतो की रानात येशूला मोहात पाडताना सैतानानेही स्तोत्रातील एक ओळच तोडून पुढे केली होती.

त्यापेक्षा उताऱ्यातील एका प्रश्नापाशी थांबावे. मार्कच्या दहाव्या अध्यायात यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तिमय ओरडतो, लोक त्याला गप्प करतात, येशू थांबतो आणि विचारतो: मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे? त्याच अध्यायात जरा आधी येशूने आपले शिष्य याकोब आणि योहान यांना जवळजवळ याच शब्दांत विचारले होते, आणि त्यांनी त्याच्या उजव्या-डाव्या बाजूची आसने मागितली होती. आंधळ्याने दृष्टी मागितली. आज मला हाच प्रश्न विचारला तर माझे खरे उत्तर काय असेल, सुशोभित केलेले नव्हे, खरे? मुलाला नोकरी, जमिनीच्या दाव्याचा निकाल, गुडघेदुखीपासून सुटका, जे असेल ते त्याच्यासमोर तसेच मांडावे. मन भटकले की पुन्हा प्रश्न वाचावा. संकल्प करायचा तर आज करता येईल एवढाच करावा: ज्याच्याशी अबोला आहे त्याला एक फोन, किंवा कामवालीचा थकलेला पगार संध्याकाळपर्यंत हातात देणे.

काही वचने मात्र अंगावर येतात. आईबापांचा द्वेष केल्याशिवाय माझा शिष्य होता येत नाही, हे लूक 14:26 वाचून अस्वस्थ न होणारा माणूस बहुधा वाचतच नसतो. येथे मत्तय 10:37 शेजारी ठेवावे, ‘माझ्यापेक्षा आईबापांवर अधिक प्रीती करणारा’ असे शब्द तेथे आहेत, आणि तरीही गाठ सुटली नाही तर धर्मगुरूंना किंवा पाळकांना विचारावे. त्यांच्या उत्तरानेही समाधान झाले नाही तर प्रश्न तारखेसह वहीत लिहून ठेवावा. ‘क’ वर्षाच्या 23 व्या रविवारचा हा उतारा तीन वर्षांनी पुन्हा वाचला जाणार आहे.