मॉरिशसला जाताय? मग डोडो असा बघा

डोडो म्हणजे मॉरिशसचा, कधीच नामशेष झालेला न उडणारा पक्षी; आता बघायच्या त्या त्याच्या खुणा. माझी लेक तिथल्या कात्र बोर्न गावी राहते, म्हणून माझं तीनदा जाणं झालं. शेवटच्या खेपेला नातवाला घेऊन ज्या क्रमाने फिरले, तोच सांगते. दोन दिवस पुरतात.

पहिल्या दिवशी पोर्ट लुईचं नैसर्गिक इतिहास संग्रहालय. उघडं आहे ना, ते आधी विचारून घ्या. आत गेलात की सरळ सांगाड्याकडे जा. साधारण १९०४ साली तिरियू नावाच्या न्हाव्याला तो सापडला. एकाच पक्ष्याचा जवळजवळ पूर्ण सांगाडा जगात हा एवढाच. मुलांना छातीचं हाड दाखवा. कबुतराचं ते हाड नांगराच्या फाळासारखं पुढे आलेलं असतं, डोडोचं तसं नाही, कारण तो उडत नव्हता. आणि डोडो कबुतराच्याच कुळातला! आज हयात असलेल्यांत त्याच्या सगळ्यांत जवळचं म्हणजे आपलं निकोबारी कबुतर.

डोडोवरचा 'मूर्ख पक्षी' हा शिक्का तिथेच पुसा. जमिनीवर त्याला खाणारं कुणी नव्हतंच, तर तो घाबरणार कशाला? १५९८ साली डच उतरले. मग जहाजांतून उंदीर, डुकरं, माकडं आली. घरटं जमिनीवर, अंडं बहुधा एकच. डोडो दिसल्याची शेवटची खात्रीची नोंद १६६२ ची. ६४ वर्षं फक्त.

दुसऱ्या दिवशी माहेबूर गाठा. वाटेत विमानतळाजवळच मार ओ साँज ही दलदल आहे. १८६५ साली क्लार्क या शाळामास्तराने तिथे डोडोची हाडं शोधली, म्हणजे चिखलात उतरून अनवाणी पायांनी चाचपली ती मजुरांनी. मुलांना हेही सांगा.

मग होडीने इल ओ एग्रेत. बेट जेमतेम २६ हेक्टरचं. फेरी आधी ठरवून ठेवा. होडीत चढण्यापूर्वी बुटांना चिकटलेलं बी झटका, कारण बाहेरचं झाड तिथे रुजलं की निपटणं फार कठीण. या बेटावरून उंदीर आणि मांजरं काढून टाकली, आबनूसाचं रान जपलं, आणि डोडोच्याच कुळातली मॉरिशसची गुलाबी कबुतरं आणून सोडली. १९९० च्या सुमारास ती रानात दहाच्या आसपास उरली होती. पायांतल्या रंगीत कड्या नीट बघा, त्यांवरून एकेक पक्षी ओळखतात. कबुतर जवळ बसलं, तर फोटोची घाई नको. ते उडेपर्यंत गप्प उभे राहा.