संरक्षणशास्त्राला येताय? आधी माझी फजिती वाचा

आमच्या दारव्हा तालुक्यात "संरक्षणशास्त्रात एम.ए. करतो" म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मंग भरती कवा हाय?" मीही समजावणं सोडून दिलं होतं. दोनदा नेट (प्राध्यापक होण्यासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) हुकली, तिसऱ्यांदा निघाली. नेटचा अभ्यासक्रम तुम्ही पाहिलाच असेल, तो सांगत बसत नाही.

सध्या प्रत्येकाला मानसिक आणि संज्ञानात्मक युद्ध, म्हणजे माणसाच्या मनावर आणि विचार करण्याच्या ताकदीवरच लढलेलं युद्ध, हाच विषय हवा असतो. मलाही हवा होता. पहिल्या वर्षाच्या सेमिनारला मी 'रशियाचा गेरासिमोव्ह सिद्धांत' घेतला (बंदुकीपेक्षा प्रचार, अफवा, फूट यांनी देश पाडायचा, असा म्हणे रशियाचा डाव), बावीस स्लाइड केल्या. सगळा माल टेलिग्रामवरच्या नोट्समधला. संपल्यावर सरांनी एवढंच विचारलं, "मूळ लेख वाचला का?" मी गप्प. तेही गप्प. घशाला कोरड पडली होती.

झालं होतं असं. रशियाच्या जनरल स्टाफचे प्रमुख वालेरी गेरासिमोव्ह यांचा लेख फेब्रुवारी २०१३ मध्ये तिथल्या एका लष्करी साप्ताहिकात आला. त्यात ते मुख्यतः अरब देशांतल्या उठावांबद्दल बोलत होते. पाश्चिमात्य देश सरकारं कशी उलथवतात, हे त्यांच्या नजरेतून. २०१४ मध्ये त्याच्या इंग्रजी भाषांतरावर लिहिताना मार्क गॅलिओटी या ब्रिटिश अभ्यासकाने मथळा खमंग हवा म्हणून 'गेरासिमोव्ह डॉक्ट्रिन' हे नाव दिलं. ते जगभर गेलं. २०१८ मध्ये गॅलिओटींनी स्वतः जाहीर लेख लिहून त्याबद्दल माफी मागितली, असा सिद्धांत नाहीच म्हणाले. आणि माझ्या नोट्समध्ये त्याचे सहा मुद्दे होते, पाठ करायला सोपे!

पुन्हा सांगतो, कारण इथेच पोरं आपटतात. नाव आकर्षक असलं की आपण त्याच्या मागे काय आहे ते पाहतच नाही. कोण बोललं, कधी, कोणाबद्दल, आणि नाव कोणी ठेवलं, हे चार प्रश्न प्रत्येक संकल्पनेला विचारा. चीनची 'तीन युद्धं' या चाळणीतून नीट निघतात: जनमत, मानसिक आणि कायदेशीर, २००३ मध्ये चिनी सैन्याच्या राजकीय कामाच्या नियमावलीत आलेली. हे बिनधास्त लिहा.

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी मी गावी होतो. रात्री पानठेल्यावर पंधराएक माणसं, सगळ्यांच्या तोंडावर मोबाइलचा उजेड. "थे पाय, कराची बंदर गेलं म्हणे." एकानं व्हिडिओ दाखवला, आकाशात गोळ्यांच्या लाल रेघा. दोन मिनिटं मीही तोंड उघडं ठेवून पाहिला. नंतर कळलं, तो 'आर्मा ३' या व्हिडिओ गेममधला होता. "कुठून आला?" विचारलं तर उत्तर, "ग्रुपवर." माझ्या बावीस स्लाइडही ग्रुपवरूनच आल्या होत्या.

मानसिक आणि संज्ञानात्मक यातला फरक त्या ठेल्यावरच मला समजला. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेने इराकी सैनिकांवर सुमारे २.९ कोटी पत्रकं टाकली. काहींवर आधीच सांगितलेलं, उद्या इथे बॉम्ब पडणार. आणि खरंच पडायचे. त्यामुळे पुढच्या पत्रकावर विश्वास बसायचा. हे मानसिक युद्ध, ठरलेल्या माणसाला ठरलेला निरोप. ठेल्यावर निरोप एक नव्हताच. खरं काय ते ठरवायची ताकदच हळूहळू संपत होती, आणि संज्ञानात्मक युद्धाचा नेम त्याच ताकदीवर असतो.

एक आगाऊ मत: प्रत्येक उत्तरात कौटिल्य ओढू नका. प्रकाशयुद्ध (उघड), कूटयुद्ध (कपटाचं), तूष्णीयुद्ध (गुपचूप), एक ओळ पुरे. आणि युट्यूबवर दाट मिशांचे 'डिफेन्स एक्स्पर्ट' पाहण्यात जे तास गेले, ते मला परत मिळालेले नाहीत.

नोकऱ्या कमी आहेत, खोटं सांगत नाही. प्राध्यापकाच्या जागेची वाट पाहताना घरची पऱ्हाटी वेचायला लागते, मी वेचली. पण इंग्रजी कच्चं म्हणून घाबरू नका. मनोहर पर्रीकर संरक्षण अभ्यास संस्थेचे लेख संकेतस्थळावर फुकट मिळतात; शब्दकोश घेऊन रोज दोन पानं वाचा. नेटच्या पेपर दोनमध्ये, म्हणजे आपल्या विषयाच्या पेपरात, १०० प्रश्न, २०० गुण, चुकल्यास गुण कापत नाहीत.

नेट निघाल्यावर सरांना फोन केला. अभिनंदन वगैरे काही नाही. "तो लेख वाचला का?" म्हणाले. वाचला होता, चार संध्याकाळी लागल्या.