फार्गोचा फ्लोर : गंजलेल्या केबिनचा तळ स्वतः वेल्ड कसा करावा

काकांचा फार्गो इंदूरच्या सांवेर रोडवरच्या एका प्लॉटवर चिंचेखाली कित्येक पावसाळे उभा होता. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या काळातला हा ट्रक. डॉज, डिसोटो आणि फार्गो म्हणजे तेव्हा जवळपास एकाच यंत्राची तीन नावं, बिल्ला तेवढा वेगळा. मी दार उघडून पाय आत ठेवला तर तो थेट खालच्या गवतात गेला. गंमत अशी की रबरी मॅट शाबूत होती.

खरी दोषी तीच. पुढच्या काचेचं रबर कडक झालं की पाणी डॅशबोर्डमागून झिरपतं, मॅटखालच्या तागाच्या थरात मुरतं आणि वर रबराचं झाकण असल्यामुळे तिथेच राहतं. पत्रा वरून गंजत जातो, खालून डांबर लावलेलं असल्यामुळे बाहेरच्याला पत्ताही लागत नाही.

अशा वेळी बरेच डेंटर, म्हणजे गाडीच्या पत्र्याचं काम करणारे, जुन्या फ्लोरवर नवी चादर ठेवून चारी बाजूंनी वेल्डिंग मारून देतात. (आम्ही इंदूरकर पत्र्याला चादरच म्हणतो.) दिसायला झकास. पण दोन पत्र्यांमध्ये गंज आणि ओल कोंडली जाते आणि काही पावसाळ्यांत नवा पत्राही जुन्याच्या वाटेने जातो. कुजलेलं कापून काढायचं आणि त्याच मापाचा तुकडा कडेला कड लावून जोडायचा, हाच खरा इलाज. तो घरी शिकता येतो, पण एका रविवारात नाही.

आधी भंगारावर हात बसवा

दुकानात मिग मशीन (वायर आपोआप पुढे सरकवत, गॅसच्या आडोशाने जोड करणारं) मागितलंत तरी देतील, ‘सीओटू’ म्हटलंत तर लगेच समजेल. काड्यांचं वेल्डिंग ग्रिल-गेटसाठी उत्तम, १.२ मिमीच्या पत्र्यावर अडीच मिमीची काडी टेकवली की नवशिक्याच्या हातून भोकच पडतं. गॅस वेल्डिंगने जुने कारागीर सुंदर काम करतात, पण त्यात पत्रा दूरवर तापतो आणि वाकडा होतो. शिकणाऱ्याने सिंगल फेजवर चालणारं मिग घ्यावं. वायर ०.८ मिमीची, ईआर७०एस-६, ०.६ मिळाली तर आणखी सोपं. नुसता कार्बन डायऑक्साइड स्वस्त पडतो पण ठिणग्या फार उडवतो. आर्गॉन मिसळलेला गॅस पातळ पत्र्यावर शांत चालतो. गॅसशिवाय चालणारी फ्लक्सची वायर या कामाला नको, ती जास्त तापते.

पत्रा लोहामंडीतून आणा. १८ गेजचा, म्हणजे साधारण १.२ मिमीचा सीआर (कोल्ड रोल्ड, साधा काळसर-करडा) पत्रा मागा, कापून उरलेले तुकडेही चालतील. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, नको. त्यावरचं जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि लोखंड वितळायला दीड हजाराच्या आसपास लागतात, म्हणजे जोड बसण्याआधीच धूर तुमच्या नाकात. तो धूर घेतला तर संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो.

दोन तुकडे टेबलावर कडेला कड लावून ठेवा. गॅस मिनिटाला १० ते १२ लिटर, करंट ५० अँपिअरच्या आसपास, टॉर्च पॉझिटिव्हला, नोझलबाहेर वायर १० मिमी. मग कानाने ऐका. इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत हिवाळ्यात गराडूच्या (एका कंदाच्या) फोडी तेलात पडल्यावर जो सलग चरचराट होतो, तसा आवाज हवा. फटफट होत असेल तर वायरचा वेग किंवा व्होल्टेज चुकतंय. जोड पूर्ण झाला की उलटा करून पाहा: मागेही बारीक उंचवटा आलेला हवा. मग शिकंज्यात धरून हातोड्याने वाकवा. शिवणीवरच सुटला तर वितळून आत शिरलंच नव्हतं, वरवर चिकटलं होतं. माझे पहिले सगळे तुकडे असे सुटले.

ट्रकला हात लावण्यापूर्वी

बॅटरी काढून बाजूला ठेवा. अनेक जुन्या ट्रकांत पेट्रोलची टाकी केबिनमध्ये, सीटच्या मागेच असते. ती पूर्ण उतरवून दूर न्या. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक, कारण आत वाफ असते. पत्रा पुसायला क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर वापरू नका, वेल्डिंगच्या ज्वाळेत त्यातून विषारी वायू तयार होतो. खालचं डांबर, वायरिंग, रबर जोडापासून वीतभर तरी मागे घ्या. वाळूची बादली आणि आग विझवण्याचं सिलिंडर हाताशी ठेवा आणि काम संपल्यावर अर्धा तास तिथून हलू नका. डांबर आतल्या आत धुमसतं. गॅरेजच्या खड्ड्यात उतरून वेल्डिंग नको. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, खड्ड्यात साचतो. हेल्मेटची काच १० किंवा ११ नंबरची, हातमोजे चामड्याचे, कपडे सुती.

अर्थचा (मशीनच्या परतीच्या केबलचा) चिमटा जोडाजवळच्या घासून चकचकीत केलेल्या पत्र्यावर लावा. चेसिसच्या दुसऱ्या टोकाला लावलात तर करंट केबल आणि बेअरिंगमधून वाट काढतो.

कापण्याआधी केबिन बांधून घ्या

हा टप्पा मी गाळला होता. फ्लोर म्हणजे नुसती पाय ठेवायची जागा नाही, केबिनचे खांब एकमेकांपासून ठरलेल्या अंतरावर तोच धरून ठेवतो. उत्साहाच्या भरात मी दोन्ही बाजूंचा फ्लोर एका दिवसात कापला. दुसऱ्या दिवशी डावं दार लागेना, केबिन आठ मिलिमीटर खाली बसली होती. जॅक आणि लाकडी ठोकळे लावून, कर्ण मोजत ती जागेवर आणायला मला तीन रविवार लागले.

म्हणून आधी दाराच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत एक इंची चौकोनी पाइप एक आडवा आणि एक तिरपा, वेल्डिंगचे छोटे ठिपके म्हणजे टाके मारून बसवा. दारं लागतात ना ते पाहा. दोन्ही कर्ण मोजून खडूने दारावरच लिहून ठेवा. आणि एका वेळी एकच बाजू कापा.

आता कुजलेलं किती ते ठरवा. डांबर खरवडून काढा आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने वीत-वीत अंतरावर टोचत जा. टोक जिथे रुतेल तिथून पुढे किमान दोन इंच, चकचकीत आणि पूर्ण जाडीचा पत्रा लागेपर्यंत कापायचं. कागदाएवढ्या पातळ झालेल्या पत्र्यावर जोड धरत नाही. तुम्ही भोक भरता, शेजारी दुसरं पडतं. केबिन ज्या रबरी बुशांवर चेसिसला टेकते तिथले ब्रॅकेट आधी तपासा. तेच गेले असतील तर फ्लोरच्या आधी त्यांचं काम.

कापायची रेघ आखताना कोपरे काटकोनात ठेवू नका, वाटी ठेवून गोल आखा. टोकदार कोपऱ्यात उष्णता साचते आणि पुढे तिथूनच तडा जातो. चार इंची ग्राइंडरला १ मिमीची चकती लावून कापा. खालच्या आडव्या पट्टीला फ्लोर ठिपक्यांनी जोडलेला असतो. ते ठिपके ८ मिमीच्या ड्रिलने फक्त वरच्या पत्र्यापुरते उडवा, पट्टी शाबूत राहिली पाहिजे.

पुठ्ठा, मग पत्रा

साचा पुठ्ठ्याचा करा. शेव-नमकीनच्या खोक्याचा पुठ्ठा यासाठी एकदम योग्य जाडीचा असतो. भोकावर ठेवून, कात्रीने छाटत, वळणं मुडपत तो चारी बाजूंनी बसेपर्यंत पत्र्याला हात लावू नका. मूळ फ्लोरवर लांबट उंचवटे असतात, ते शोभेचे नाहीत. सपाट पत्रा पायाखाली डब्याच्या झाकणासारखा टक्-टक् करतो, उंचवट्यांनी तो ताठ राहतो. रोलरचं यंत्र नसेल तर जाड प्लायवूडमध्ये खाच पाडून, पत्रा त्यावर शिकंज्यांनी आवळून, गोल तोंडाच्या छिन्नीने हलके हलके ठोकत खाली बसवा. तीन फेऱ्यांत करा, एका दणक्यात नाही.

तुकडा भोकात बसला की कडेची फट पत्र्याच्या जाडीएवढी किंवा त्याहून कमी हवी. कुठे जास्त असेल तर वेल्डिंगने भरू म्हणू नका, पुन्हा कानसीने घासून बसवा. मला एका बाजूच्या तुकड्याला दीड दिवस लागला आणि वेल्डिंगला त्याच्या निम्मा.

टाके

ज्या मिस्त्रींकडे मी हे शिकलो त्यांनी माझी पहिली सलग रेघ पाहिली, कपाळाला हात लावला आणि म्हणाले, “भिया, सिलाई करना है, इस्तरी नहीं.” कापडावर तापलेली इस्तरी एका जागी ठेवली की जे होतं, तेच पातळ पत्र्यावर सलग रेघ ओढली की होतं. शिवणकाम येणाऱ्या कुणालाही ही रीत लगेच उमजते: आधी कच्चे टाके, कापड जागेवर बसलं का ते पाहायचं, मग पक्की शिवण.

ट्रिगर अर्धा ते एक सेकंद. पहिला टाका एका कोपऱ्यात, दुसरा समोरच्या कोपऱ्यात, मग उरलेले कोपरे, मग प्रत्येक बाजूचा मध्य. त्यानंतर मधल्या अंतरांचा मध्य, असं करत २५ ते ३० मिमीवर टाके येऊ द्या. दर फेरीनंतर थांबा. शिवणीवर हात ठेवता आला पाहिजे, तोवर चहा प्या. पाणी ओतून थंड करू नका. टाका थंड होताना आक्रसतो आणि पत्रा स्वतःकडे ओढतो. तो ओढा काढायला खालून लोखंडी ठोकळा धरून वरून हातोड्याचे हलके ठोके द्या.

मग एका टाक्याच्या शेजारी दुसरा, पण लागोपाठ एकाच जागी नाही. आता इथे, मग दोन वीत पलीकडे. एक टाका साधारण ५ मिमीचा धरला तर दोन फुटांच्या शिवणीला सव्वाशेच्या आसपास टाके लागतात. कंटाळा येतो, पण घाईने मारलेले वीस टाके पत्र्याला लाट आणतात आणि ती काढायला सव्वाशेपेक्षा जास्त वेळ जातो.

भोक पडलंच तर तिथेच रेटत बसू नका. थंड होऊ द्या, मागून तांब्याची पट्टी दाबून धरा आणि कडेकडेने भरत आत या. तांबं उष्णता ओढून घेतं आणि वेल्डला चिकटत नाही. माझी पट्टी बर्तन बाजारातून आणलेली, एका फुटक्या घागरीचा कापलेला तुकडा आहे.

आडव्या पट्टीवर मात्र कडेला कड नाही. तिथे नव्या पत्र्याला ६ ते ८ मिमीची भोकं पाडा, दोन्ही पृष्ठांना जस्ताचा वेल्ड-थ्रू प्रायमर (ज्यावरून वेल्डिंग करता येतं असा) द्या, शिकंज्याने घट्ट आवळा आणि भोकाच्या तळापासून सुरू करून ते भरून घ्या. भोकाच्या आतला प्रायमर खरवडलेला हवा.

शेवटी फ्लॅप डिस्कने (ग्राइंडरला लावायच्या पॉलिश-कागदाच्या चकतीने) हलकं घासा. फ्लोर मॅटखाली जाणार आहे, आरशासारखा करण्यात अर्थ नाही. जास्त घासलंत तर शिवणच पातळ होते.

हे काम दिवाळीनंतर काढा. माळव्याच्या पावसात उघडा पत्रा रातोरात तांबूस होतो आणि उघड्यावर वारा असेल तर गॅस उडून शिवणीत बुडबुडे राहतात. घासलेल्या दिवशीच दोन्ही बाजूंनी इपॉक्सी प्रायमर, सांध्यांवर सीलर, खाली अंडरकोट. पाणी जायची मूळ भोकं सीलरने बुजवू नका.

आणि मॅट लगेच घालू नका. एक पावसाळा फ्लोर उघडा ठेवा, जोराच्या सरीनंतर दार उघडून कडेकडेने हात फिरवा. ओल लागली तर शिवणीवर शंका घेण्याआधी पुढच्या काचेचं रबर पाहा; बहुतेक वेळा पाणी तिथूनच येतं.