जुनी स्टील गिटार विकत घेताना

जुनी स्टील गिटार, म्हणजे आपल्याकडे हवाईयन म्हणतात ती, साध्या, म्हणजे स्पॅनिश, गिटारच्या निकषांवर पारखायची नसते, हे नागपुरात असे वाद्य शोधणाऱ्याने आधीच मनाशी पक्के करावे. साध्या गिटारचे पडदे झिजले किंवा दांडी थोडी वाकली की ती वाजवायला अवघड होते. स्टील गिटारच्या तारा मात्र पट्टीपासून जवळपास एक सेंटीमीटर उंचावर असतात. डाव्या हातातला धातूचा बार त्यांच्यावरून सरकतो आणि तार पडद्याला कधी टेकतच नाही. म्हणून झिजलेल्या पडद्यांपायी वाद्य नाकारू नये आणि चकचकीत पडद्यांवर भाळूही नये. पैसे मोजायचे ते ध्वनिपेटी म्हणजे पोट, त्यावर तारा पेलणारी घोडी, दांडीच्या टोकाला तारा उचलून धरणारा वरचा नट, खुंट्या आणि वाद्य विजेवरचे असल्यास तारांची कंपने टिपणारा पिकअप यांचे.

शोधाची सुरुवात दुकानापेक्षा घरांपासून करावी, असे माझे मत आहे. बंगाल नागपूर रेल्वेची स्थापना १८८७ साली झाली आणि या रेल्वेमुळे अनेक बंगाली कुटुंबे नागपुरात स्थायिक झाली. सुनील गांगुली, बटुक नंदी, काझी अनिरुद्ध या वादकांमुळे बंगालमध्ये रवींद्रसंगीत आणि चित्रपटगीते हवाईयन गिटारवर वाजवण्याची मोठी आवड निर्माण झाली होती, त्यामुळे अशा घरांत माळ्यावर एखादे वाद्य असण्याची शक्यता इतर ठिकाणांपेक्षा अधिक असते. ओळखीतून विचारणा करावी, सतार-तानपुरा दुरुस्त करणाऱ्या कारागिरांकडे शब्द टाकून ठेवावा आणि दुर्गापूजेच्या मंडपात भेटणाऱ्या ज्येष्ठ मंडळींशी बोलावे. इथे काही मिळाले नाही, तर हावडा मार्गावरून थेट गाठता येणारे कोलकाता आहेच. तिथल्या रवींद्र सरणीवरील वाद्यांच्या दुकानांत जुनी वाद्येही पाहायला मिळतात.

आपल्याकडे बहुतेक वेळा समोर येते ती कोलकात्यात बनलेली लाकडी, पोकळ पोटाची गिटार. तिच्यावरील नाव अक्षर अन् अक्षर वाचावे. ‘गिवसन’ हा कोलकात्याचा वेगळा ब्रँड आहे आणि अमेरिकेच्या ‘गिब्सन’शी त्याचा संबंध नाही, तरीही नावांतल्या साधर्म्यामुळे विक्रेता, कधी कधी अगदी प्रामाणिकपणेही, परदेशी वाद्याची किंमत सांगतो. गिवसनची गिटार चांगली वाजत असेल तर ती जरूर घ्यावी, मात्र गिवसनच्याच किमतीत.

लाकडी गिटार दिवसाच्या उजेडात पाहावी. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, पाठोपाठ पावसाळ्याची दमट हवा येते आणि हिवाळ्यात हवा पुन्हा कोरडी होते. पत्र्याखालच्या माळ्यावर वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या वाद्याचा सांधे चिकटवणारा सरस या चक्रात सुटू लागतो. घोडीच्या मागच्या कडेखाली जाड कागदाचा कोपरा सरकवून पाहावा. तो आत शिरला तर घोडी उचलली गेली आहे. नंतर गिटारच्या पोटावरील गोल तोंडातून टॉर्च आणि लहान आरसा आत घालून वरच्या फळीला आधार देणाऱ्या पट्ट्या तपासाव्यात आणि फळीवर बोटाच्या पेराने हलकेच टकटक करावे. सुटलेली पट्टी खुळखुळते, आणि एकदा ऐकलेला तो आवाज कान विसरत नाही. फळीची सरळ चीर कुशल कारागीर भरून देऊ शकतो. पण घोडीपुढे फळी खचली असेल आणि मागे फुगली असेल, तर तारांच्या ताणाने पोट वाकले आहे असे समजावे व दुरुस्तीचा खर्च विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. बारीक छिद्रे आणि त्यांतून झडणारा ताजा भुसा दिसला, तर ते वाद्य घरातल्या इतर वाद्यांजवळ आणूसुद्धा नये.

दांडी गोल आहे की चौकोनी, हेही पाहावे. चौकोनी दांडी स्टील वादनासाठीच घडवलेली असते आणि जास्त ताण सहन करते. गोल दांडीची गिटार बहुधा साधी गिटार असते, आणि उंच नट बसवून ती हवाईयन केलेली असते. तिच्यावर तारा फार चढ्या लावू नयेत. दांडीच्या किंचित वाकण्याने बिघडत नाही, पण दांडी आणि पोट यांच्या सांध्यात फट असेल तर स्वर टिकणार नाहीत.

यानंतर वाद्य वाजवून पाहावे. तारा स्वरात लावाव्यात, बार बाराव्या पडद्याच्या अगदी वर धरावा आणि प्रत्येक तार छेडावी. येणारा स्वर मोकळ्या तारेच्या बरोबर वरच्या सप्तकातला असला पाहिजे. सगळ्याच तारांवर तो बार पुढे किंवा मागे नेल्यावरच जुळत असेल, तर घोडी किंवा नट कधीतरी बदलताना जागा चुकली आहे. मग बार घोडीकडे नेऊन वरचे स्वर किती वेळ टिकतात ते ऐकावे, कारण मींड आणि लांब स्वर हाच या वाद्याचा प्राण आहे आणि वरच्या सप्तकात स्वर लगेच मरत असेल तर कोणत्याही नावाचे वाद्य घेण्यात अर्थ नाही. विक्रेता कितीही घाई करो, ही परीक्षा शांतपणे पूर्ण करावी.

विजेवरची परदेशी लॅप स्टील, म्हणजे मांडीवर आडवी ठेवून वाजवायची स्टील गिटार, मिळाली तर तिची तपासणी वेगळी असते. रिकेनबॅकरची ‘फ्राइंग पॅन’ १९३२ साली बाजारात आली; ती ओतीव ॲल्युमिनियमची असल्याने उष्णतेने प्रसरण पावते आणि स्वर हलतात, म्हणून आपल्या उन्हाळ्यात ती पुन्हा पुन्हा लावावी लागणार हे गृहीत धरावे. गिब्सन, फेंडर आणि जपानच्या ग्वायाटोन यांच्या लाकडी पोटाच्या लॅप स्टील त्या मानाने सोयीच्या ठरतात. काही लॅप स्टीलवर मोत्यासारखे सेल्युलॉइडचे आवरण असते. ते आक्रसले असेल, त्याला तडे गेले असतील किंवा आंबूस वास येत असेल, तर ते विघटित होत आहे आणि जवळचा धातूही गंजवणार आहे.

वयाचा दावा विक्रेत्याच्या तोंडून घेऊ नये. आतल्या आवाज-नियंत्रकाच्या म्हणजे पॉटच्या पाठीवर बहुतेक वेळा अंक कोरलेले असतात. पहिले तीन अंक पॉट बनवणाऱ्या कंपनीचे, नंतरचे वर्षाचे आणि शेवटचे आठवड्याचे. उदाहरणार्थ, १३७६३४२ म्हणजे सीटीएस कंपनीने १९६३ सालच्या ४२व्या आठवड्यात बनवलेला पॉट. वाद्य त्याआधीचे असू शकत नाही. अर्थात पॉटला तारा जोडणारी झाळणी जुनीच असेल तरच हा पुरावा धरावा, कारण पॉट नंतर बदललेलाही असू शकतो. पिकअपचा रोध मल्टिमीटरवर मोजावा. आकडा काही किलोओहममध्ये स्थिर आला तर तारेचे वेटोळे शाबूत आहे. काहीच आकडा आला नाही तर वेटोळे कुठेतरी तुटले आहे आणि ते पुन्हा गुंडाळून घेण्याचा खर्च किमतीतून वजा झाला पाहिजे.

सोबत जुना अमेरिकन ॲम्प्लिफायर मिळत असेल तर तो जागेवर लावून दाखवा असे कधीही म्हणू नये. तो सुमारे ११० व्होल्टसाठी बनलेला असतो आणि आपला पुरवठा २३० व्होल्टचा आहे. शिवाय जुन्या ॲम्पना दोनच पिनांचा प्लग असतो, अर्थिंग नसते, आणि आपला हात धातूच्या तारांवर असतो. जाणकार तंत्रज्ञाने कपॅसिटर तपासून, अर्थिंगची तार जोडून आणि व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावून दिल्यानंतरच तो वापरावा. पिकअप ऐकण्यासाठी आपलाच एखादा साधा ॲम्प सोबत न्यावा.

धातूच्या शंकूने आवाज वाढवणारी रेझोनेटर गिटार आपल्याकडे क्वचित दिसते. तिच्या आतील पातळ ॲल्युमिनियमचा शंकू बसका झाला आहे का, एवढे मात्र अवश्य पाहावे.

तरफेच्या (आपोआप झंकारणाऱ्या) आणि चिकारीच्या (मधूनमधून छेडायच्या) तारा बसवलेली जुनी गिटार समोर आली, तर निर्णय आपल्या वादनावर अवलंबून ठेवावा. गिटारवादक ब्रिजभूषण काब्रा यांनी गिब्सन सुपर ४०० मध्ये बदल करूनच रागसंगीत वाजवले. संग्राहकाच्या दृष्टीने दांडीला पाडलेली भोके किंमत कमी करतात; राग वाजवणाऱ्यासाठी तेच वाद्य अधिक उपयोगी आणि स्वस्त ठरू शकते. मात्र जास्तीच्या खुंट्यांभोवती लाकूड तडकलेले नाही याची खात्री करून घ्यावी.

सौदा ठरल्यावर दुरुस्तीचा अंदाज लेखी घ्यावा, किमतीतून तो वजा करावा आणि पावतीवर वाद्याचे नाव, क्रमांक व बदललेले भाग लिहून घ्यावेत. वाद्य ठेवायची मूळ पेटी मिळत असेल तर थोडे जास्त पैसे देऊनही ती घ्यावी. रेल्वेने आणताना तारा दोन-तीन स्वरांनी उतरवाव्यात, पण पूर्ण सैल करू नयेत, आणि वाद्य सामानाच्या डब्यात न देता आपल्या बर्थवर ठेवावे. घरी आणल्यावर ते कूलरच्या झोतासमोर किंवा कूलर चालणाऱ्या खोलीत उघडे ठेवू नये, कारण दिवसभर ओली हवा आणि कूलर बंद झाल्यावर कोरडी उष्ण हवा हा फरक जुन्या सरसाला झेपत नाही; वाजवून झाले की ते पेटीत बंद करून बाहेरच्या भिंतीपासून दूर, आतल्या खोलीत ठेवावे, आणि पूर्ण ताणाच्या तारा कारागिराने घोडी व सांधा पाहिल्यानंतरच चढवाव्यात.