माकुलच्या मोटर प्रथिनांचं सिक्वेन्सिंग करताना या चुका टाळा

ससून डॉकवर पहाटे माकुल (स्क्विड) चकचकीत दिसते आणि आपण निर्धास्त होतो. पण ट्रॉलरवर ती बर्फात किती दिवस पडून होती? चेतापेशीतला आरएनए, म्हणजे जिच्यावरून आपण मोटर प्रथिनांचा क्रम वाचणार ती जनुकाची नक्कल, एवढा वेळ टिकत नाही. रोज परतणाऱ्या छोट्या होडीची माकुल घ्या, डोळ्यामागचा ऑप्टिक लोब (मेंदूचा भाग) धक्क्यावरच कापा आणि लगेच आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात टाका. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत मिळणाऱ्या साठवणीतल्या मालावर तर प्रयोग उभारूच नका.

दर्जा तपासणाऱ्या मशीननं आरएनएला कमी गुण दिले म्हणून नमुना फेकू नका. मृदुकाय प्राण्यांचा मोठा रायबोसोमल आरएनए तापवल्यावर बऱ्याचदा मध्येच दुभंगतो. मशीनच्या आलेखात दोनऐवजी एकच शिखर दिसतं आणि चांगला नमुनाही खराब ठरतो. न तापवता जेल चालवून बघा.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. कायनेसिन हे मोटर प्रथिन 1985 साली माकुलच्याच चेतासंस्थेतून ओळखलं गेलं. पेशीतल्या सूक्ष्मनलिकेवरून 8 नॅनोमीटरचं एकेक पाऊल टाकत ते माल वाहून नेतं. त्याचं जनुक वाचताना आमच्या एका विद्यार्थिनीला डीएनएत ‘ए’ आणि आरएनएच्या वाचनांत ‘जी’ अशा जागा पुन्हा पुन्हा दिसल्या. तिनं त्या मशीनची चूक समजून गाळल्या. तीन महिन्यांच्या कामातलं मोलाचं तेच गेलं! माकुल आपला आरएनए स्वतः संपादित करते: ॲडेनोसिनचं इनोसिन होतं आणि सिक्वेन्सर ते ‘जी’ म्हणून वाचतो. ‘एएए’मधलं मधलं अक्षर असं बदललं की लायसिनच्या जागी अर्जिनिन येतं, म्हणजे प्रथिनच बदलतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या माकुलमध्ये प्रथिन बदलणाऱ्या अशा 57,000 हून अधिक जागा 2015 मध्ये नोंदल्या गेल्या.

उलट टोकाची चूकही तितकीच वाईट: दिसेल तो ‘जी’ संपादन समजणं. त्या अमेरिकी जातीचा जीनोम आपल्या माकुलला संदर्भ म्हणून लावलात, तर दोन जातींमधले साधे फरकही संपादन भासतील. म्हणून डीएनए त्याच प्राण्याचा हवा. दुसऱ्या माकुलचा नको, अगदी त्याच टोपलीतलीही नको. कापतानाच आवरणाचा (मँटलचा) तुकडा वेगळ्या नळीत ठेवा आणि दोन्ही नळ्यांवर एकच क्रमांक घाला. लायब्ररी, म्हणजे सिक्वेन्सरला द्यायच्या तुकड्यांचा संच, धागा ओळखणारी (वाचन डीएनएच्या कोणत्या धाग्याचं ते सांगणारी) घ्या, नाहीतर उलट्या धाग्यावर हाच बदल ‘टी’चा ‘सी’ दिसून गोंधळ होतो. अलाइनरची (वाचनं संदर्भाशी जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरची) विसंगतीची मर्यादाही थोडी सैल ठेवा. कडक ठेवली तर जास्त संपादित वाचनंच गळतात.

आणि पाण्याचं तापमान लिहून घ्या. थंड पाण्यात माकुल कायनेसिन वेगळं संपादित करते आणि ते थंडीत जास्त चांगलं चालतं, असं 2023 मध्ये दिसलं आहे. बर्फाच्या पेटीचं तापमान इथे कामाचं नाही, माकुल जिथे होती तिथल्या पाण्याचं हवं. जाळं कुठे, किती वाव खोल टाकलं होतं, ते होडी लागताच तांडेलाला विचारा; माल उतरला की त्यालाही नीट आठवत नाही.