जीएनयू मेक कंपाइल करताना डिफॉल्ट शेल कसा बदलायचा

मेक हा मेकफाइल वाचून प्रकल्प बांधणारा प्रोग्रॅम. त्यातल्या आज्ञा तो शेलकडून, म्हणजे आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमकडून, करून घेतो; वेगळं सांगितलं नाही तर युनिक्सवर तो शेल म्हणजे /बिन/एसएच. प्रकल्पाला फक्त बॅश हा शेल हवा असेल तर मेक कंपाइल करत बसू नका. मेकफाइलमध्ये ‘शेल’ (SHELL) नावाच्या व्हेरिएबलला बॅशचा पाथ द्या आणि मोकळे व्हा. डिफॉल्टच बॅश करून ठेवलात, तर तीच मेकफाइल तुमच्याकडे चालेल आणि उबुंटूवर आपटेल. तिथे २००६ पासून /बिन/एसएच म्हणजे डॅश हा बॅशहून वेगळा शेल आहे. कंपाइल करण्याचं खरं कारण एकच: /बिन/एसएच जागेवर नसणं. अँड्रॉइडवरच्या टर्मक्स या टर्मिनल ॲपमध्ये शेल ॲपच्या स्वतःच्या फोल्डरखाली असतो, गीक्स या पॅकेज मॅनेजरच्या बिल्डमध्येही /बिन/एसएच नसतो.

सोर्स उघडा, एसआरसी फोल्डरमधली जॉब.सी (src/job.c) घ्या, डिफॉल्ट_शेल (default_shell) शोधा. विंडोज, डॉस वगैरेंसाठी वेगवेगळ्या ओळी दिसतील. युनिक्सची ती शेवटच्या एल्सखालची. तिथे शेलचा पूर्ण पाथ लिहा.

आता खरी गोम. माझाही सगळ्यात जास्त वेळ इथेच गेलाय. कंपाइलआधी कॉन्फिगर नावाची तयारीची स्क्रिप्ट चालवावी लागते. ‘कॉन्फिगर चालवताना कॉन्फिग_शेल दे, झालं’ असं छातीठोक सांगणारे खूप भेटतात. त्याने काहीही होत नाही. कॉन्फिग_शेल ठरवतो की कॉन्फिगर ही स्क्रिप्ट कोणत्या शेलमध्ये चालेल, बस्स. त्यातून तयार झालेल्या मेकफाइलमध्ये शेलची ओळ दिसते म्हणून खूश होऊ नका; ती फक्त मेकच्या स्वतःच्या बिल्डपुरती असते. एन्व्हायर्नमेंटमध्ये ‘शेल’ हे व्हेरिएबल एक्स्पोर्ट करण्याचा सल्ला तर त्याहून वाईट: युनिक्सवर मेक ते मूल्य मुद्दाम बाजूला सारतो, नाहीतर ज्याच्या लॉगिनला सी-शेल त्याचा बिल्ड वेगळा निघाला असता. कंपाइल होणाऱ्या डिफॉल्टचा मालक जॉब.सी, दुसरं कोणी नाही.

मग कॉन्फिगर चालवा, प्रीफिक्स, म्हणजे इन्स्टॉल करायची जागा, वेगळा द्या, जुन्या मेकला हात लावू नका. मशीनवर मेकच नसेल तर कंपाइल करायला सोर्सबरोबर येणारी बिल्ड.एसएच वापरा.

तपासताना आणखी एक फसगत होते. एका प्रोग्रॅमची साधी आज्ञा, म्हणजे जीसीसी या कंपाइलरची सरळ ओळ, मेक शेलला न विचारता थेट चालवतो. त्यामुळे शेलचा पाथ चुकला असला तरी छोटा प्रकल्प बिनबोभाट बांधला जातो, आणि पहिला पाइप (एका आज्ञेचं आउटपुट दुसरीला देणारी ओळ) आला की ‘फाइल सापडत नाही’. म्हणून एका टार्गेटखाली इको, पुढे दोन डॉलर आणि शून्य (echo $$0), एवढंच लिहा. डॉलर दिसला की मेकला शेल बोलवावाच लागतो, आणि छापला जाईल तो पाथ तुम्ही जॉब.सी मध्ये लिहिलेलाच हवा.